खात्यातून सुपरमार्केटचे पैसे गेले, पण नाव ओळखीचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात बँकेच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण मानेवाड्याच्या आमच्या कॉलनीत महिन्याच्या सुरुवातीला कोणी ना कोणी पासबुक किंवा मोबाइल घेऊन दारात येतंच. "काका, हे बघा ना, हे कोण आहे? आम्ही तर इथं कधी गेलोच नाही." दहातली बरीचशी प्रकरणं किराण्याची असतात, आणि त्यातली पुष्कळशी घरच्याच खरेदीची निघतात. काही मात्र खरोखरच चोरीची असतात. दोन्ही ओळखायचे मार्ग मी खाली लिहिले आहेत, प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

सगळ्यांना आधी एकच सांगतो. शोधाशोध जरूर करा, पण त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. तोवर उलगडा झाला नाही तर बँकेला कळवा आणि उरलेला शोध त्यानंतर घ्या. असं का, ते तीन दिवसांच्या प्रश्नात येईल.

मी डी-मार्टमध्ये गेलो होतो. स्टेटमेंटवर 'ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स' कोण?

तेच. दुकानाच्या पाटीवर असतं ते विक्रीचं नाव, आणि बँकेकडे नोंदलेलं असतं ते कंपनीचं. डी-मार्ट चालवणारी कंपनी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड. डी-मार्ट रेडीवरून ऑनलाइन मागवलं तर ॲव्हेन्यू ई-कॉमर्स दिसू शकतं. स्मार्ट बझार किंवा रिलायन्स फ्रेशमधली खरेदी रिलायन्स रिटेलच्या नावावर येते. ब्लिंकिटची कंपनी ब्लिंक कॉमर्स, तिचं जुनं नाव ग्रोफर्स. बिगबास्केटसाठी इनोव्हेटिव्ह रिटेल कन्सेप्ट्स हे नाव पाहून किती तरी जण घाबरून आले आहेत. झेप्टोच्या जुन्या नोंदींत किरानाकार्ट टेक्नॉलॉजीज सापडेल आणि इन्स्टामार्टच्या जुन्या नोंदींत बंडल टेक्नॉलॉजीज, कारण स्विगीचं आधीचं नाव ते होतं. कर्जाच्या किंवा कराच्या कामासाठी २०२२ च्या आधीचं स्टेटमेंट काढलंत आणि त्यात फ्यूचर रिटेल दिसलं, तर ते बिग बझार.

पासबुकात छापताना नाव अर्ध्यात तुटतं, हाही एक घोळ आहे. 'ॲव्हेन्यू सुपरमा' एवढंच छापून येतं आणि माणूस 'सुपरमा' नावाच्या बाईचा शोध घेत बसतो. खरंच घडलेलं आहे हे. नावापुढे नागपूरऐवजी मुंबई किंवा बंगळुरू दिसलं तरी लगेच धास्ती नको. कंपनीचं मुख्यालय जिथं नोंदलेलं असेल ते शहर तिथं येऊ शकतं.

कॉलनीतल्या लहान मार्टमध्ये पैसे दिले, तर कोण्या माणसाचंच नाव येतं. असं कसं?

लहान दुकानांत क्यूआर कोड पुष्कळदा मालकाच्या, त्याच्या मुलाच्या किंवा बायकोच्या नावाने काढलेला असतो. पाटीवर 'सुपर बाजार', बँकेत व्यक्तीचं नाव. इतवारीत ठोक किराणा घेणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. तिथं पेढीचं नाव आजोबांचं आणि खातं नातवाचं.

अशा वेळी नावापेक्षा यूपीआय आयडी बघा. तो इंग्रजी अक्षरांत असतो. 'क्यू' अक्षर, पुढे आकडे आणि शेवटी 'वायबीएल' असेल तर तो बहुधा फोनपेचा दुकानदारांना दिलेला क्यूआर. सुरुवात 'पेटीएमक्यूआर' किंवा 'भारतपे' अशी असेल तर तोही दुकानातलाच. आयडी दुकानाचा आहे एवढ्यावरून व्यवहार तुमचा आहे हे सिद्ध होत नाही, पण पैसे कोणत्या तऱ्हेच्या जागी गेले ते कळतं.

दुसरा उपाय फार थोड्या लोकांना माहीत आहे. नोंदणीकृत दुकानाच्या बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, आपल्या महाराष्ट्रातला २७ ने सुरू होणारा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही समोर येतात. लॉगिन लागत नाही. बिल हरवलं असेल तर दुकानाच्या पाटीवर बघा, तिथंही हा क्रमांक लिहिणं बंधनकारक आहे.

स्टेटमेंटमधली ती लांबलचक ओळ वाचायची कशी?

तुकडे पाडून. सुरुवातीला 'यूपीआय' असेल तर मोबाइलवरून पैसे गेले. 'पीओएस' असेल तर दुकानातल्या मशीनवर कार्ड चाललं. 'ईकॉम' किंवा त्यासारखं काही असेल तर कार्ड ऑनलाइन वापरलं गेलं. यूपीआयच्या ओळीत 'डीआर' म्हणजे नावे, पैसे गेले. 'सीआर' म्हणजे जमा. मग बारा अंकी संदर्भ क्रमांक येतो, त्यानंतर घेणाऱ्याचं नाव, त्याच्या बँकेची चार अक्षरं, यूपीआय आयडी. प्रत्येक बँकेची मांडणी थोडी वेगळी असते, पण मसाला हाच.

यातला सोन्यासारखा तुकडा म्हणजे तो बारा अंकी क्रमांक. तुमच्या यूपीआय ॲपच्या इतिहासात तोच क्रमांक सापडला तर पैसे तुमच्या त्याच ॲपमधून गेले आहेत, आणि तिथं वेळही मिळते. दुपारी सव्वाबारा वाजता पैसे गेले हे कळलं की 'अरे हो, गोकुळपेठेतून सांबार घेऊन येताना' असं आपोआप आठवतं. क्रमांक तुमच्या कोणत्याच ॲपमध्ये सापडत नसेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

क्रेडिट कार्डाच्या तपशिलात कधी ५४११ हा आकडा दिसतो. किराणा दुकानं आणि सुपरमार्केटं यांना कार्ड कंपन्यांनी दिलेला तो वर्ग क्रमांक आहे.

मी रविवारी गेले होते, इथं तारीख मंगळवारची आहे.

कार्डाच्या व्यवहारात हे होतं. पैसे त्याच क्षणी अडवले जातात, हिशेब एकदोन दिवसांनी पूर्ण होतो, आणि काही स्टेटमेंटांत ती दुसरी तारीख येते. म्हणून मागचेपुढचे तीन दिवस धरून आठवा. यूपीआयमध्ये पैसे तत्काळ जातात, तिथं एवढा फरक पडायला नको.

रक्कम बिलाशी जुळत नाही.

ऑनलाइन किराण्यात हे रोजचं आहे. भाजी वजनात कमी भरली, एखादी वस्तू संपली होती, तर आधी पूर्ण रक्कम जाते आणि फरक वेगळ्या नोंदीने परत येतो. त्यामुळे खाली उतरून जमेच्या नोंदीही बघा.

यूपीआय लाइट वापरत असाल तर अजून एक गोष्ट. त्यातले छोटे खर्च बँकेच्या स्टेटमेंटवर एकेक करून येत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची रक्कम येते. आपोआप भरण्याची सोय चालू असेल तर ती नोंद तुम्ही काही न करता उमटते. तपशील ॲपमध्येच मिळेल.

दुकानातल्या बिलात एकच फल्ली तेलाचा डबा दोनदा धरला गेला असेल, तर ती बिलाची चूक. त्यासाठी दुकानाच्या ग्राहक सेवा खिडकीवर बिल घेऊन जा. तिथं ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरात सगळे म्हणतात, "आम्ही नाही घेतलं." मग?

पुन्हा विचारा, पण वेगळ्या तऱ्हेने. "कोणी पैसे उडवले?" असं विचारलं की घरात कोणी तोंड उघडत नाही, विशेषतः सुना आणि वयात आलेली मुलं. त्याऐवजी "शनिवारी संध्याकाळी सामान कोणी आणलं होतं?" असं विचारा. माझ्याच घरी एका दिवाळीत कार्डावर दोन हजारांच्या वरची नोंद दिसली. नाव अनोळखी, तारीख दोन दिवस पुढची. मी बँकेला फोन लावायला बसलो होतो. तेवढ्यात सौभाग्यवतींनी ओट्याखालची पन्नी उघडली, तर तळाशी बिल. पाहुणे येणार म्हणून त्या घाईत माझं कार्ड घेऊन गेल्या होत्या आणि फराळाच्या गडबडीत विसरल्या होत्या.

तपासायच्या जागा: क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड कोणाकडे आहे का, संयुक्त खात्याचं दुसरं डेबिट कार्ड कोणाकडे आहे, जुना मोबाइल मुलाला देताना त्यातलं ॲप तसंच राहिलं का, आणि 'यूपीआय सर्कल'मध्ये तुम्ही कोणाला जोडलं आहे का. सर्कलमध्ये आपल्या खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला खर्च करायची मुभा देता येते, आणि दिलेली मुभा आपणच विसरतो.

पिन घरात सगळ्यांना माहीत असणं ही आपल्याकडे सर्रास गोष्ट आहे. बँक मात्र त्याकडे ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून बघते. पुढे खरी चोरी झाली तर हीच गोष्ट तुमच्या अंगावर येईल.

बिल फेकून दिलं. दुकानात जाऊन काही कळेल का?

बहुतेकदा कळतं. बिल करताना मोबाइल नंबर दिला असेल तर त्या नंबरवरून जुनं बिल निघू शकतं. नसेल दिला तर तारीख, वेळ, अचूक रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि संदर्भ क्रमांक एका कागदावर लिहून न्या. कार्डाचा पूर्ण नंबर कोणालाही देऊ नका, लागत नाही. गर्दीच्या वेळी जाऊ नका, सकाळी दुकान उघडताना जा. तेव्हा व्यवस्थापकाला बोलायला फुरसत असते.

गुगलवर ते नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. फोन करू का?

नाही. हे मी हात जोडून सांगतो. अनोळखी नाव दिसलं की माणूस घाबरतो, शोध घेतो आणि समोर आलेला पहिला नंबर फिरवतो. ठग लोक अशाच घाबरलेल्या माणसांसाठी खोटे नंबर पेरून ठेवतात. पलीकडचा गोड आवाज म्हणतो, "साहेब, पैसे परत करतो, फक्त हे ॲप टाका." त्या ॲपमधून तुमचा मोबाइल त्याला दिसायला लागतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची मूळ नोंद साडेचारशे रुपयांची होती, आणि ती त्यांच्या नातवाचीच होती. परतावा मिळवायला म्हणून केलेल्या फोनमध्ये त्यांची महिन्याची पेन्शन गेली.

बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, नाहीतर पासबुकावर. दुकानाचा नंबर बिलावर किंवा त्यांच्या ॲपमध्ये मिळतो. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

शोधून झालं, काहीच उलगडा झाला नाही. आता आधी काय करायचं?

बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा. नुसती शंका असेल तर तात्पुरतं बंद ठेवण्याचा पर्याय असतो, खात्री असेल तर कायमचं ब्लॉक करा. यूपीआयचा व्यवहार असेल तर त्याच नोंदीवर जाऊन ॲपमध्ये तक्रार टाका आणि पिन बदला. मग बँकेला फोन करून 'हा व्यवहार मी केलेला नाही' हे वाक्य स्पष्ट बोला. "जरा बघता का" असं म्हटलं तर ती चौकशी म्हणून नोंदली जाते, तक्रार म्हणून नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या, तारीख आणि वेळ वहीत लिहा.

फसवणूक आहे असं वाटत असेल तर त्याच वेळी १९३० वर फोन करा. ही सायबर गुन्ह्यांची देशभरची हेल्पलाइन आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, आणि लवकर कळलं तर वाटेत अडवता येतात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. एका शेजारणीसोबत मी गेलो होतो, तर खिडकीवरच्या मुलाने "ऑनलाइन केलंय ना, मग कागद कशाला" म्हणून अर्ज परत केला. आम्ही तिथंच बसून राहिलो, शिक्का घेऊनच निघालो. पुढे बँक म्हणाली की कळवायला उशीर झाला, तेव्हा तो कागदच कामी आला.

तीन दिवसांची मुदत म्हणतात ती नेमकी काय?

हा मुद्दा नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य, तुम्ही कळवा किंवा न कळवा. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तरीही तुमचं नुकसान शून्य. संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही. कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेचे, म्हणजे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार वगळून.

चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर तुमच्यावर मर्यादित भार येतो. जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५,००० रुपयांपर्यंत, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत, किंवा व्यवहाराची रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर.

आता किराण्याचा हिशेब लावून बघा. सुपरमार्केटची नोंद सहसा दोनपाच हजारांची असते. म्हणजे दहा हजारांच्या मर्यादेच्या आतच. तिसऱ्या दिवशी कळवलं तर सगळे पैसे परत, चौथ्या दिवशी कळवलं तर सगळेच्या सगळे तुमच्या डोक्यावर बसू शकतात. मोठ्या रकमेच्या चोरीत एक दिवस उशीर झाला तरी बरंच काही वाचतं, छोट्या रकमेत काहीच वाचत नाही. म्हणून मी संध्याकाळची मुदत घालून देतो.

वेळेत कळवलं की बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. पण तुम्हीच कोणाला ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर झालेलं बँकेचं.

सहकारी बँकेत खातं आहे, आम्हाला हे लागू नाही, असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्यासाठीही रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये असंच परिपत्रक काढलं आहे.

मला एसएमएसच आला नव्हता.

आधी बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर तपासा. जुनं सिम बंद झालं आणि बँकेत कळवायचं राहिलं, हे कारण सर्वांत जास्त वेळा सापडतं. काही बँका अगदी छोट्या यूपीआय रकमांचा एसएमएस पाठवतही नाहीत.

मशीनवर 'फेल' आलं म्हणून पुन्हा कार्ड घासलं. पैसे दोनदा गेले.

याला चोरी म्हणत नाहीत, फसलेला व्यवहार म्हणतात. सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार दुकानातला फसलेला व्यवहार, कार्डाचा असो की यूपीआयचा, पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे. त्यापुढे बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, तीही न मागता. व्यवहारात मात्र मागावी लागते, तेव्हा मागा. दुकानदाराकडून 'पहिले पैसे मिळाले नाहीत' असं बिलावर लिहून घेतलं तर काम लवकर होतं.

दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते.

कोणत्या तरी किराणा ॲपचं सदस्यत्व किंवा दुधाची वर्गणी असेल. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडा, चालू असलेल्या सगळ्या परवानग्या तिथं दिसतात, आणि नको ती तिथूनच रद्द होते. अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती आपण जाहिरात समजून पुसून टाकतो.

कार्ड हरवलं होतं, पण पिन कोणालाच माहीत नाही. तरी सुपरमार्केटमध्ये कसं चाललं?

वायफायसारखी खूण असलेलं कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी चालतं, ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा आहे, आधी २,००० होती. ज्याला कार्ड सापडलं त्याला सुपरमार्केटइतकी सोपी जागा नाही. गर्दी असते, आणि कार्डावरचं नाव कोणी वाचत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते, मर्यादाही कमी करता येते. वडीलधाऱ्यांच्या कार्डावर ती बंदच ठेवावी असं माझं मत आहे. तसंच परदेशातले व्यवहारही, कारण परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय कार्ड चालू शकतं.

बँक दाद देत नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत जाऊ का?

जायची गरज नाही. बँकेला तक्रार देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच व्यवस्था आहे, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तक्रारीसोबत बँकेचा तक्रार क्रमांक, शिक्क्याची प्रत आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा. थेट लोकपालाकडे गेलात, आधी बँकेकडे गेलाच नाहीत, तर तक्रार परत येते.

तक्रार केली आणि नंतर खरेदी घरचीच निघाली. आता लाज वाटते.

लाज कसली? बँकेला लगेच लेखी कळवा की व्यवहार ओळखला, तक्रार मागे घेतो. तात्पुरते जमा झालेले पैसे बँक परत वळते करून घेईल, तोवर ते खर्च करू नका. कार्ड कायमचं ब्लॉक केलं असेल तर ते पुन्हा चालू होत नाही, नवीन मागवावं लागतं. ते येईपर्यंत चारआठ दिवस किराणा रोखीने आणा.